लोणार, चिक्शुलुब आणि दख्खनचा लाव्हा: डायनासोर नेमके कशाने संपले?

प्रश्न असा आहे. लोणारच्या काठावर कुणीतरी सांगितलं की इथे पडलेल्या उल्केनेच डायनासोर मेले. मुलाच्या पुस्तकात मात्र मेक्सिकोचं नाव आहे. आणि एका व्याख्यानात ऐकलं की आपल्या सह्याद्रीच्या लाव्हानेच त्यांचा निकाल लावला. यातलं खरं कोणतं? शिवाय लोणारच्या वाटेवर उचललेला एक काळा, जड, चुंबकाला चिकटणारा दगड घरी आहे. तो उल्का आहे का?

आधी लोणार बाजूला काढू, कारण तो सगळ्यात सोपा भाग आहे. डायनासोर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. लोणारचं विवर झालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी. म्हणजे शेवटचा डायनासोर जाऊन साडेसहा कोटी वर्षं उलटल्यावर लोणारचा दगड पडला. आकारातही काही ताळमेळ नाही. लोणारचा व्यास जेमतेम १.८ किलोमीटर, मेक्सिकोतल्या चिक्शुलुब विवराचा सुमारे १८० किलोमीटर.

मग घोळ कुठून होतो? लोणारच्या कड्यावर दिसणारा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, खरोखरच साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. माहिती सांगणारा खडकाचं वय सांगतो आणि ऐकणारा ते विवराचं समजतो. दोनशे वर्षांच्या वाड्याच्या भिंतीला काल भोक पडलं तर भोकाचं वय दोनशे होत नाही. दुसरा घोळ 'पन्नास हजार वर्षं' या आकड्याचा, जो अजून बऱ्याच ठिकाणी छापला जातो. तो आला तापदीप्तीच्या, म्हणजे खनिज तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजून वय काढण्याच्या, पद्धतीतून. २०११ साली धडकेत वितळलेल्या खडकाचं वय आरगॉन पद्धतीने, म्हणजे खडकात हळूहळू साठणारा आरगॉन वायू मोजून, काढलं, तेव्हा ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार असं उत्तर आलं. या मोजणीतही एक खाच आहे. खडक पुरता वितळला नसेल तर मूळ बेसाल्टमधला जुना आरगॉन आत अडकून राहतो आणि वय फुगून दिसतं. तो वेगळा काढूनच वरचा आकडा दिलेला आहे.

आता शब्दांचं एकदा ठरवून घेऊ. आकाशात जळताना दिसते ती उल्का. न जळता जमिनीवर पोचतो तो अशनी. आणि अंतराळात सूर्याभोवती फिरणारा काही मीटर ते शेकडो किलोमीटरचा खडक म्हणजे लघुग्रह. डायनासोरच्या काळात आदळला तो १० ते १२ किलोमीटरचा लघुग्रह होता. त्याला उल्का म्हणणं म्हणजे पुराला शिंतोडे म्हणण्यासारखं आहे.

धडक झाली हे कळलं कसं

इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळच्या घळीत गुलाबी-पांढऱ्या चुनखडीचे थर आहेत. त्यात एके ठिकाणी साधारण एक सेंटिमीटर जाडीचा मातकट पट्टा आहे. त्याच्या खालच्या चुनखडीत भिंगातून पाहिलं तर एकपेशीय समुद्री जिवांची मोठी, नक्षीदार कवचं खच्चून भरलेली दिसतात. वरच्या चुनखडीत ती जवळपास गायब होतात आणि उरतात ती चिमुकली, साधी. हा पट्टा साचायला किती वर्षं लागली, एवढाच वॉल्टर अल्वारेझ यांचा मूळ प्रश्न होता. त्यांचे वडील लुईस अल्वारेझ हे नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी युक्ती सुचवली की इरिडियम मोजा. पृथ्वी घडताना तिच्यातलं बहुतेक इरिडियम लोखंडाबरोबर गाभ्यात बुडालं, त्यामुळे कवचात ते नगण्य आहे. अंतराळातली धूळ मात्र ते सावकाश, एका ठरावीक गतीने आणून टाकते. जितकं इरिडियम जास्त, तितका काळ जास्त, असा साधा हिशेब.

फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी न्यूट्रॉनांचा मारा करून नमुने तपासले. पट्ट्यात इरिडियम आजूबाजूच्या खडकाच्या सुमारे ३० पट निघालं, डेन्मार्कच्या स्टीव्हन्स क्लिंटला सुमारे १६० पट, न्यूझीलंडला सुमारे २० पट. धुळीच्या हिशेबात हे बसवायचं तर एक सेंटिमीटर मातीला अशक्य इतका काळ द्यावा लागत होता. जवळच एखादा तारा फुटला असेल ही शक्यताही त्यांनी तपासली. तसं असतं तर प्लुटोनियम-२४४ सापडायला हवं होतं. पहिल्या चाचणीत ते सापडलं, सगळे हरखले, आणि दुसऱ्या चाचणीत कळलं की नमुना दूषित होता. १९८० मध्ये चौघांनी मिळून लेख छापला: सुमारे १० किलोमीटरचा लघुग्रह.

इरिडियमची मोजणी किती नाजूक असते ते सांगतो, कारण इथेच बहुतेक हौशी दावे कोसळतात. मोजायचं असतं अब्जात काही भाग, म्हणजे टनभर मातीत काही मिलिग्रॅम. दागिन्यांतल्या प्लॅटिनममध्ये इरिडियम मिसळलेलं असतं, त्यामुळे नमुना काढणाऱ्याच्या बोटातली अंगठी मातीला नुसती घासली तरी आकडा खोटा येतो. म्हणून अंगठ्या काढायच्या, प्लास्टिकची किंवा लाकडी हत्यारं वापरायची, उघड्यावर पडलेला वरचा थर खरवडून टाकायचा आणि मग एकेक सेंटिमीटरवर नमुने घ्यायचे, पट्ट्यातलेच नव्हे तर खालचे-वरचेही. पार्श्वभूमी न मोजता 'इतकं इरिडियम सापडलं' म्हणण्याला काही अर्थ नाही.

आणि नुसतं इरिडियम हा पुरावा म्हणून पुरत नाही. हवाईच्या किलाउआ ज्वालामुखीच्या वायूतही ते सापडलं आहे. म्हणून सोबत इतर साक्षी लागतात. प्लॅटिनम, ऱ्होडियम, रुथेनियम यांची एकमेकांशी प्रमाणं अशनींशी जुळायला हवीत. क्रोमियमची समस्थानिकं जुळायला हवीत. ती जुळली, आणि २०२४ मध्ये रुथेनियमच्या समस्थानिकांवरून हेही निघालं की तो कार्बनयुक्त जातीचा, गुरूच्या पलीकडे घडलेला लघुग्रह होता.

माझ्या मते सगळ्यात भक्कम साक्षीदार म्हणजे धक्का बसलेलं क्वार्ट्झ. वाळूचा एक कण कापून ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती करायची आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. साध्या कणात काही दिसत नाही. धक्का बसलेल्या कणात आरपार सरळ, समांतर, केसाहून कितीतरी बारीक रेषांचे गठ्ठे दिसतात, दोन रेषांत काही हजारांश मिलिमीटर अंतर. त्यावर दुसऱ्या दिशेचा गठ्ठा, कधी तिसऱ्या. स्फटिकाची जाळी त्या प्रतलांवर मोडून काच झालेली असते. याला साधारण १ लाख ते ३ लाख वातावरणांइतका दाब लागतो, तोही क्षणार्धात. ज्वालामुखी याच्या जवळपासही पोचत नाही. चूक होते ती इथे: डोंगर घडताना दाबाखाली आलेल्या क्वार्ट्झमध्येही पट्टे दिसतात, पण ते वाकडे, जाड आणि बहुधा एकाच दिशेचे असतात. म्हणून नुसत्या रेषा दाखवून चालत नाही, त्यांचे स्फटिकाच्या अक्षाशी असलेले कोन मोजून द्यावे लागतात.

लोणारमध्ये असं क्वार्ट्झ शोधाल तर हात हलवत परत याल, कारण बेसाल्टमध्ये मुळात क्वार्ट्झ नसतंच. तिथे साक्षी वेगळी आहे. बेसाल्टमधलं प्लाजिओक्लेज हे खनिज वितळल्याशिवाय, आकार तसाच ठेवून काच झालेलं सापडतं. त्या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. १९७३ मध्ये लोणारच्या तळातून काढलेल्या गाभ्यांत, म्हणजे भोक पाडून काढलेल्या खडकाच्या लांब कांड्यांत, ते दाखवलं गेलं आणि 'ज्वालामुखीचं मुख की अशनीचं विवर' हा वाद मिटला.

विवर सापडायला अकरा वर्षं का लागली

ते गाडलं गेलेलं होतं. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावर, अर्धं जमिनीत आणि अर्धं समुद्रात, वर सुमारे एक किलोमीटर चुनखडी. पेमेक्स या तेल कंपनीसाठी काम करणाऱ्या ग्लेन पेनफिल्ड आणि आंतोनियो कामार्गो यांना चुंबकीय आणि गुरुत्वीय नकाशांत गोल आकृती दिसली होती. १९८१ मध्ये त्यांनी ती लॉस एंजेलिसच्या परिषदेत मांडली. योगायोग असा की धडकेवर काम करणारे लोक त्याच सुमारास युटामधल्या दुसऱ्या परिषदेत बसले होते. तेलासाठी घेतलेल्या विहिरींतला वितळलेला खडकही वर्षानुवर्षं 'अँडेसाइट', म्हणजे ज्वालामुखीचा खडक, म्हणून नोंदवून पडला होता. अॅलन हिल्डब्रँड आणि सहकाऱ्यांनी धागा उलट्या बाजूने पकडला. धडकेतून उडालेल्या मालाचा थर युरोपात दोन-तीन मिलिमीटर, उत्तर अमेरिकेत त्याहून जाड, आणि मेक्सिकोच्या आखाताभोवती काही मीटर. जिकडे थर जाड होत जातो तिकडे विवर. हैतीतले काचेचे थेंबही तिकडेच बोट दाखवत होते. १९९१ मध्ये चिक्शुलुबचं नाव छापून आलं.

जमिनीवर आज तिथे खड्डा दिसत नाही. दिसते ती विवराच्या कडेवर अर्धवर्तुळात मांडलेली गोड्या पाण्याच्या नैसर्गिक विहिरींची माळ. खाली गाडलेल्या कडेला चुनखडी तडकली, तिथून भूजल वाहिलं आणि खडक विरघळून विहिरी झाल्या.

ऊर्जेचा हिशेब

हा कुणालाही कागदावर करता येतो. १२ किलोमीटर व्यासाचा गोळा धरला तर घनफळ सुमारे ९ × १०^११ घनमीटर. घनता २,६०० धरली तर वस्तुमान सुमारे २.३५ × १०^१५ किलो. वेग सेकंदाला २० किलोमीटर. अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे सुमारे ४.७ × १०^२३ ज्यूल. एक मेगाटन म्हणजे ४.१८ × १०^१५ ज्यूल, तेव्हा उत्तर येतं ११ कोटी मेगाटनांच्या आसपास. व्यास १० किलोमीटर धरला तर हेच साडेसहा कोटींवर येतं. व्यासाचा घन होत असल्याने तिथली छोटी चूक उत्तरात मोठी होते, म्हणून निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आकडे दिसतात. त्यावरून कुणी खोटं लिहितंय असं समजू नका.

२०१६ मध्ये समुद्रातून या विवराच्या आतल्या कड्यात सुमारे १,३३५ मीटरपर्यंत भोक पाडून गाभा काढला. त्यात खोलवरचा ग्रॅनाइट वर आलेला मिळाला. हा खडक धडकेआधी कवचात काही किलोमीटर खाली होता. आघाताने आधी सुमारे ३० किलोमीटर खोल खळगा झाला, तळ उसळून हिमालयाहून उंच डोंगर उठला आणि तोही कोसळून भोवती कड्याचं कडं पसरलं. हे सगळं काही मिनिटांत. पाण्यात दगड टाकल्यावर मधोमध थेंब उसळतो, त्याच चालीने इथे ग्रॅनाइट वाहिला. त्यावर सुमारे १३० मीटर जाडीचा वितळलेल्या आणि फुटक्या खडकाचा ढीग एका दिवसात साचला. त्यात कोळशाचे कण आहेत, म्हणजे किनाऱ्यावरची जंगलं जळून परतीच्या लाटांबरोबर आत आली.

पण त्या गाभ्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे जे तिथे नाही ते. भोवतालच्या खडकांत जिप्सम आणि अॅनहायड्राइट, म्हणजे गंधकयुक्त खनिजं, भरपूर आहेत. विवरातल्या ढिगात ती जवळजवळ नाहीत. ती वाफ होऊन वर गेली.

किती नव्हे, किती वेळात

सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. चिक्शुलुबच्या निम्म्या आकाराची विवरं पृथ्वीवर आहेत. सैबेरियात पोपिगाय, सुमारे १०० किलोमीटर. कॅनडात मॅनिकुआगान, तेही त्याच मापाच्या जवळचं. त्यांच्याशी जोडता येईल असा मोठा जीवसंहार दिसत नाही. चिक्शुलुब मारक ठरलं त्यात आकार तर आलाच, पण जागाही आली. उथळ समुद्र, चुनखडी, जिप्सम आणि खडकातला सेंद्रिय माल. २०१७ मधल्या एका जपानी अभ्यासाचा हिशेब असा की पुरेशी काजळी उठावी इतका सेंद्रिय माल तेव्हा पृथ्वीच्या फक्त १३ टक्के पृष्ठभागाखाली होता.

गंधकाचे अंदाज बरेच मागेपुढे आहेत, ६७ ते ३२५ अब्ज टन. कमी आकडाच धरू. १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनाटुबोने सुमारे २ कोटी टन सल्फर डायऑक्साइड, म्हणजे १ कोटी टन गंधक सोडलं आणि पृथ्वी वर्षभर अर्धा अंश थंड झाली. या हिशेबाने चिक्शुलुब म्हणजे एकाच दिवशी सहा-सात हजार पिनाटुबो. (सरळ गुणाकार करून तापमान काढू नका. कण दाट झाले की एकमेकांना चिकटून लवकर खाली पडतात.) शिवाय काजळी आणि खडकाची पिठासारखी धूळ. प्रारूपांप्रमाणे तापमान १५ ते २६ अंश उतरलं आणि धुळीमुळे प्रकाशसंश्लेषण दोनेक वर्षं जवळपास ठप्प झालं.

डायनासोर आगीत भाजून किंवा लाटेत बुडून संपले असं चित्रांत दाखवतात. ते अमेरिका खंडांपुरतं बरंचसं खरं असेल. उत्तर डकोटातल्या तानिस इथे, विवरापासून सुमारे ३,००० किलोमीटरवर, माशांच्या कल्ल्यांत धडकेतले काचेचे मणी अडकलेले मिळाले आहेत, आणि त्या माशांच्या हाडांची वाढ सांगते की उत्तर गोलार्धात तेव्हा वसंत होता. पण जगभरचा संहार झाला तो उपासमारीने. झाडोरा थांबला, मग तो खाणारे, मग त्यांना खाणारे. समुद्रात प्लवकं, म्हणजे पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म जीव, गेली, अमोनाइट हे गुंडाळलेल्या शंखांचे प्राणी गेले, पाणी आम्लधर्मी झालं. वाचले कोण? गोड्या पाण्यातले, कुजक्या पाल्यावर आणि गाळावर जगणारे, बिळात शिरणारे, बियांवर भागवणारे, आणि सुसरींसारखे महिनोन्‌महिने न खाता राहणारे. सुमारे ७५ टक्के जाती गेल्या. जमिनीवर २५ किलोंहून जड चौपाया फारसा उरला नाही. पक्षी म्हणजे डायनासोरचीच एक शाखा, ती उरली.

मग सह्याद्रीचा लाव्हा?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याआधीचा सगळ्यात मोठा संहार, २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा, सैबेरियातल्या अशाच लाव्हाशी जोडलेला आहे. दख्खनचा लाव्हा आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे, आणि मूळचं घनफळ १० लाख घन किलोमीटरहून जास्त असावं. एकेक प्रवाह इतका अजस्र होता की आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळचे लाव्हाचे थर रसायनाने महाबळेश्वरच्या बाजूच्या थरांशी जुळतात. मधलं अंतर आहे हजारेक किलोमीटर.

पण वेळ बघा. हा सगळा ढीग साचायला सात ते दहा लाख वर्षं लागली. म्हणजे सरासरी वर्षाला एखादा घन किलोमीटर. प्रत्यक्षात ते सरासरीने आलं नाही. प्रचंड उद्रेक, मग दीर्घ शांतता, असं चालायचं. उद्रेकाचं गंधक हवेत वर्ष-दोन वर्षं टिकतं आणि पावसाबरोबर धुपून जातं. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात सृष्टी सावरत होती.

याचा पुरावा घाटात डोळ्यांनी दिसतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना, गाडी बाजूला लावायला सुरक्षित जागा असेल तिथे, रस्त्यासाठी कापलेल्या कड्याकडे नीट पाहा. खाली घट्ट काळा पाषाण. वर सरकाल तसा तो भोकाभोकांचा होतो, कारण लाव्हातले वायूचे बुडबुडे वरच्या अंगाला जमले. भोकांत पांढरी खनिजं भरलेली. त्यावर कुठे वीतभर, कुठे हातभर जाडीचा विटकरी लाल पट्टा, नखाने उकरेल असा. आणि त्याच्या डोक्यावर थेट पुढच्या लाव्हाचा काळा तळ. हा लाल पट्टा म्हणजे आधीच्या लाव्हाची झीज होऊन झालेली माती, वरून आलेल्या नव्या लाव्हाने भाजलेली. माती व्हायला वेळ लागतो, आणि मातीत झाडं उगवतात. असे पट्टे एका घाटात अनेक मोजता येतात. जगाचा श्वास एकसलग कोंडला गेला असता तर मधेमधे हे पट्टे झाले नसते.

दुसरा पुरावा हाडांचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा इसिसॉरस हा डायनासोर लाव्हाच्या खालच्या लमेटा थरातला आहे. त्याच जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरच्या काळातली अश्मीभूत विष्ठा मिळते, आणि तीत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्यामुळे गवताचा इतिहास मागे न्यावा लागला. पण कच्छमधल्या अंजारला डायनासोरची हाडं आणि अंड्यांची कवचं मिळाली ती लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात. म्हणजे लाव्हा सुरू झाल्यावरही ते जगत होते, अंडी घालत होते.

तारखांवर अजून भांडण आहे, आणि ते वाचताना गोंधळायला होतं. २०१९ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी निष्कर्ष छापले. एकाने लाल पट्ट्यांतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांची वयं युरेनियम-शिसं पद्धतीने काढली. त्यांच्या मते पोलादपूर थराचा मोठा उद्रेक संहाराच्या काही दशसहस्र वर्षं आधी सुरू झाला. दुसऱ्याने बेसाल्टमधल्या प्लाजिओक्लेजवर आरगॉन पद्धत लावली. त्यांच्या मते तीन चतुर्थांश लाव्हा संहारानंतर आला. दोघांच्या पद्धतींच्या अडचणी निरनिराळ्या. झिरकॉन दूरच्या राखेतून उडत आलेलं असतं, त्यामुळे ते पट्टा साचण्याचं वय देतं, खालच्या-वरच्या प्रवाहाचं थेट नाही. प्लाजिओक्लेजमध्ये पोटॅशियम फार कमी, त्यामुळे चूक मोठी. काहींची तर मांडणी आहे की धडकेच्या भूकंपाने दख्खनचा लाव्हा आणखी चेवला. तारखा तिला नाकारत नाहीत, पण सिद्धही करत नाहीत.

समुद्रतळाच्या नोंदी मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. संहाराच्या दोन-तीन लाख वर्षं आधी समुद्र सुमारे दोन अंश तापला, आणि संहाराआधीच परत निवला. तो ताप दख्खनचा असावा. त्यात जीवसृष्टीची पडझड झाली नाही. पडझड झाली ती इरिडियमच्या पट्ट्याशीच, नेमकी त्याच सेंटिमीटरला. म्हणून माझं मत ठाम आहे: मारेकरी चिक्शुलुब. दख्खनचा परिणाम हवामानावर झाला, संहारानंतर सावरायला उशीर लागण्यातही त्याचा हात असू शकतो, पण मुख्य गुन्हा त्याच्या माथी मारता येत नाही.

दोन उपप्रश्न इथेच निकालात काढतो. सह्याद्रीत तो इरिडियमचा पट्टा दाखवता येईल का? नाही. उघड्या लाव्हाच्या पठारावर सेंटिमीटरभर माती जागेवर टिकण्याची शक्यता नगण्य. भारतात तो पाहायचा तर मेघालयात उम सोहरिंगक्यू नदीच्या काठचे सागरी थर आहेत. आणि मुंबईजवळ समुद्रात 'शिवा' नावाचं ५०० किलोमीटरचं विवर आहे का? शंकर चॅटर्जी यांनी ती कल्पना मांडली, वृत्तपत्रांनी उचलून धरली. तिथून धक्का बसलेल्या खनिजांचा मान्य होईल असा पुरावा आलेला नाही, आणि मान्यताप्राप्त विवरांच्या यादीत ते नाही.

तुमचा दगड

आधी अपेक्षा खाली आणा. लोणारचा अशनी धडकेत बहुतांश वितळून आणि वाफ होऊन गेला. त्याची खूण उरली आहे ती मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक गोळ्यांत, निकेल, क्रोमियम आणि कोबाल्टच्या वाढलेल्या प्रमाणात. शिवाय लोणार हे अभयारण्य आहे, तिथून दगड उचलायचा नसतो.

चुंबक चिकटतो यावरून काही ठरत नाही. आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइटचे कण असतात, त्यामुळे तोही चुंबकाला थोडाफार दाद देतो. खऱ्या अशनीला जोरकस चुंबक घासला तर त्यातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते, म्हणून फ्रिजवरचा साधा चुंबक दोऱ्याला टांगून लांबूनच कल बघा.

त्यापेक्षा घनता काढा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. दगड कोरडा असताना वजन करा, समजा ६४० ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. दगड बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा अधांतरी धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर दगडाचं घनफळ. समजा २२० आले, तर ६४० भागिले २२०, म्हणजे २.९. हा सरळ बेसाल्ट. नेहमीचे दगडी अशनी ३.२ ते ३.८ मध्ये बसतात, लोखंडी अशनी ७ च्या वर. दगड तळाला किंवा कडेला टेकला तर आकडा वाढतो आणि घनता खोटी कमी येते. भोकांत हवा अडकली तरी ती कमीच येते, म्हणून बुडवल्यावर दगड हलवून बुडबुडे जाऊ द्या.

घनता जास्त आली तरी लगेच उड्या मारू नका. न्हाणीघरातल्या फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड घासा. लाल-तपकिरी रेघ उठली तर हेमॅटाइट, दाट काळी उठली तर मॅग्नेटाइट. बहुतेक अशनी रेघ उठवत नाहीत. दगडात मोकळी भोकं असतील तर तो बेसाल्ट किंवा भट्टीतली मळी. अशनीत भोकं जवळजवळ नसतातच, असतात ते पृष्ठभागावरचे उथळ खळगे, मळलेल्या कणकेवर अंगठा दाबल्यासारखे. ताज्या अशनीवर मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ काळी साल असते आणि तुटलेल्या कडेला आतला फिकट रंग दिसतो. आतबाहेर एकसारखा काळा असेल तर संशय घ्या.

इतकं सगळं पार पडलं तरच एका कोपऱ्यावर कानसने नखाएवढी जागा घासून सपाट करा. भिंगातून विखुरलेले चंदेरी धातूचे ठिपके दिसले तर पुढची पायरी निकेलची. निकेल नसेल तर तो धातू कारखान्यातला. ही चाचणी घरी करण्यापेक्षा जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागात दाखवा. भारतात पडलेल्या अशनींचा सांभाळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाकडे आहे, तेव्हा दगड खरा निघाला तर कळवायचं तिकडे. तोवर धुऊ नका, तेल लावू नका, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा, आणि कुठे सापडला ती जागा त्याच कागदावर लिहून ठेवा.